तीन आकडे कमी

सोमवार, ४
आज दवाखान्यात रुजू झाले! खिडकीजवळचं टेबल, नवंकोरं बीपीचं मशीन आणि चक्क न करकरणारी खुर्ची. आणखी काय हवं? काम सोपं. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, आणि आकडा कार्डावर लिहायचा. सातच्या वर असेल त्याला डॉक्टर लगेच बघतात, बाकीचे बाकावर. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, कालव्यापलीकडचे लोक फार कांगावा करतात, त्यांचे दोन-तीन आकडे कमीच धरायचे. मी मान डोलावली. मी तिथलीच, हे त्यांना ठाऊक नाही. आणि खोटं कशाला लिहू, मलाही तसंच वाटतं. आमच्या लोकांना बाऊ करायची खोडच आहे.

शुक्रवार, ८
कालव्यापलीकडचा इस्त्रीवाला आला, कंबर धरून. आठ म्हणाला. मला ओळखून हसला, तशी मी कार्डात डोकं घातलं. मी पाच लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं. मोठ्या सिस्टर खूश. तीन तास बाकावर बसून तो घरी गेला. संध्याकाळपासून माझी कंबर ठणकतेय. नवी खुर्ची मानवत नसावी.

बुधवार, १३
शाळेच्या सफाईवालीचं पोट, नऊचे सहा केले. घरी पोचायच्या आत माझं पोट पिळवटून निघालं. शिंप्याचा दात, आठचे पाच. मला घास चावेना. आज इस्त्रीवाल्याला चादरीत घालून आणलं. मी वजा केलेलं माझ्याकडे येतंय, आणि त्याचं तर काहीच कमी झालेलं नाही. कुणाला सांगू? हसतील. म्हणतील, ही पण तिकडचीच दिसते.

सोमवार, १८
आई आली. छातीवर हात. ओळख दाखवायची नाही, असं मीच तिला बजावलं होतं. मोठ्या सिस्टर माझ्या मागे उभ्या होत्या. किती दुखतंय विचारलं, तर आई म्हणाली, नऊ आहे बाई, पण तुम्हाला बरं दिसेल ते लिहा.
बाई म्हणाली मला. माझी आई.
मी सहा लिहिलं. ती गुपचूप बाकावर जाऊन बसली, शेवटच्या टोकाला, जागा अडायला नको म्हणून.

मंगळवार, १९
काल आई बाकावरून घसरली तेव्हा कुठे तिला आत घेतलं. अजून शुद्धीवर नाही. मी तिचं कार्ड काढलं, सहा खोडून नऊ लिहायला गेले — सहाच उमटलं. पुन्हा खोडलं. सहा. कार्ड फाटलं. माझ्या छातीत —

बुधवार, २०
आज मी बाकावर. माझ्या टेबलाशी दुसरी सिस्टर. विचारलं तिनं. दहा होतं, जिभेवर होतं — तोंडून निघालं, फार नाही, दोन. बरं वाटलं तिला. मलाही वाटलं, हेच वाईट.
डावा हात बधिर. डॉक्टरांचं दार चार पावलांवर. नुसतं उठायचं — पण सगळे बघतील — कांगावा —
इथे तरी खरं लिहिते. माझं दुखणं : दोन.
नाही. हे मी लिहिलेलं नाही. पुन्हा लिहिते. दोन.
आई शुद्धीवर येऊन विचारेल, पोरी, किती दुखतंय गं, तेव्हा तरी —
दोन
द