अठराव्या होलवरचे धुणे

इन्व्हरकेली, मंगळवार

प्रिय इसोबेलताईस धाकट्या ग्रीझेलचा नमस्कार.

तू पाठवलेले सर्व पोचले. मेपलच्या पाकाचे दोन डबे (एक चेपला आहे, पण गळला नाही, जकात तीन शिलिंग), राखाडी लोकरीच्या सहा लडी (जकात मागितली नाही, मी आपण होऊन विचारले तर कारकून म्हणाला, "बाई, मागे रांग आहे, पुढे चला"), ह्यांच्यासाठी कानटोपी, आणि तुझा रॅनल्ड. रॅनल्डवर जकात पडली नाही, पण खाण्याचा खर्च दिवसाला चार शिलिंग सहा पेन्स पडतो. बहिणीच्या मुलाचे खाणे मी मोजत नाही, सहज लक्षात राहिले एवढेच. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचे नवे दात बसले का? इकडे देवाच्या दयेने आम्ही दोघे बरे आहोत, माझा डावा गुडघा सोडून, आणि त्याच्याबद्दल मी देवाकडे तक्रार केलेली नाही.

गोल्फच्या चॅम्पियनशिपचा निकाल तुम्ही रेडिओवर ऐकलाच असेल. रॅनल्ड एका फटक्याने हरला आणि कप एका इंग्रजाने नेला. शेवटच्या होलवर गावातल्या कोणा बाईने घोळ घातला असेही त्यांनी सांगितले असेल. ती बाई मी. घोळ घातला हे मात्र खोटे. तेव्हा सगळे मुळापासून लिहिते. रागवायचेच असेल तर पुरी माहिती घेऊन रागवावे, अर्ध्या माहितीवर रागावलेले टिकत नाही.

त्या शेवटच्या, अठराव्या होलच्या उजव्या अंगाला ओढ्याकाठची ती काटेरी झुडपे तुला आठवत असतील. आजीने तिथेच धुणे पसरले, आईने पसरले, आणि भाऊजींनी तुला प्रथम पाहिले ते तिथेच, चादरीच्या आडून. काटे कपडा घट्ट धरून ठेवतात, चिमट्यांचा खर्च नाही. हा हक्क गावच्या बायकांना राजाच्या सनदेने दिलेला आहे. गोल्फवाल्यांना मैदान मिळाले तेही त्याच सनदेने, आणि त्यांची ओळ आपल्या ओळीच्या खाली आहे (मी शाळेची शेवटची परीक्षा पास आहे, नगरपालिकेत उभी राहून मी ती सनद स्वतः वाचली आहे). पण त्यात एक मेख आहे. बायका आपण होऊन बाजूला झाल्या, तर हक्क संपला. आता घरोघर कपडे धुण्या-वाळवण्याची यंत्रे आली आणि दर सोमवारी टोपली घेऊन जाणारी मी एकटी उरले. गोल्फ कमिटीचे सेक्रेटरी मेजर डॅलरिंपल यांना तिथे मोटारी उभ्या करायला जागा करायची आहे. गेली दोन वर्षे ते मला भेटले की टोपी काढतात आणि माझा गुडघा कसा आहे ते फार आशेने विचारतात.

चॅम्पियनशिपच्या आधी त्यांनी घरोघर चिठ्ठी पाठवली, की स्पर्धेचा आठवडाभर कृपया धुणे घालू नये, आणि सोबत प्रत्येक घराला एक फुकट पास. शेजारची मिसेस पिरी पास छातीशी धरून आली. म्हणाली, "अगं ग्रीझेल, एक आठवडा धुणं नाही घातलंस तर काय तुझी विजार कोणी पळवणार आहे? टेलिव्हिजनवर अख्खा देश बघणार, आणि तू तिथे फडकी लावणार!" मी म्हटले, आज एक आठवडा, उद्या मेजर म्हणतील बाई आपण होऊन बाजूला झाली. पास मी परत पाठवला, तिकीट लावून, कारण फुकट वस्तू परत करताना समोरच्याला टपालखर्च पडू नये.

खरे तर सोमवारीच घालून मोकळी झाले असते. पण सोमवारी समुद्रावरून धुके आले ते शुक्रवारपर्यंत हटले नाही. त्या धुक्यात रॅनल्ड रोज खेळत होता आणि रोज दोन शर्ट भिजवून आणत होता. तो रोज वर चढत होता आणि माझी टोपलीही. शुक्रवारी रात्री तो आणि तो इंग्रज, मिस्टर हॉलिंगवर्थ, बरोबरीने सर्वांच्या पुढे होते. रॅनल्ड समुद्रापलीकडून तुमच्याकडून आलेला, तरी गावाच्या लेखी आपलाच, आणि आपल्या गावच्या माणसाने कप जिंकल्याला आता कोणी साक्षीदार जिवंत नाही, तेव्हा गावाला काय झाले होते ते तूच समज. खाटीक मला मटणाचे चॉप फुकट देऊ लागला. (घेतले नाहीत. दोनच घेतले.) शनिवारी सकाळी लख्ख ऊन. रविवारी आपल्याकडे ना धुणे ना गोल्फ, म्हणजे त्या आठवड्यात हक्क बजावायचा तो त्याच दिवशी.

मी प्रार्थना म्हटली. रॅनल्ड जिंकावा असे मागितले नाही, देवाला गोल्फमध्ये ओढणे बरे नव्हे. त्याचे डोके शांत ठेव एवढे मागितले, आणि माझेही. मग टोपली उचलली. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी कमिटीचा माणूस उभा होता. तिकीट दाखवा म्हणाला. मी टोपली दाखवली. त्याने मेजरसाहेबांना हाक मारली, तोवर माझ्या दोन चादरी, टेबलावरचे कापड, रॅनल्डचे सगळे शर्ट आणि ह्यांची लोकरीची लांब विजार पसरून झाली होती. मेजर आले ते बीटरूटसारखे लाल होऊन. "मिसेस मॅकेंड्रिक, हा तमाशा आहे!" मी म्हटले, "मेजर, तमाशा दोरीच्या तिकडे आहे. इकडे धुणं आहे." पुढे काही करावे तर लोक बघत होते, आणि भाचा माझा. ते गेले.

दिवसभराचा खेळ मी तिथेच मोजे विणत ऐकला (बघण्याची गरज नसते, ओरडण्यावरून कळते). एका होलवर रॅनल्ड पुढे, दुसऱ्यावर इंग्रज, अशी संध्याकाळ झाली आणि दोघे अठराव्यावर आले ते पुन्हा बरोबरीत. रॅनल्डचा पहिला फटका सरळ मधोमध. मग हॉलिंगवर्थने मारला, तो उजवीकडे वळला, वळतच राहिला, आणि माझ्या डोक्यावरून येऊन झुडपांत पडला. गावाने अशी आरोळी दिली की ओढ्यातली बदके उडाली. त्या काट्यांत गेलेला चेंडू म्हणजे एक फटका दंड, म्हणजे कप आपला. मी वळून बघते तर चेंडू काट्यांत नव्हता. ह्यांच्या विजारीत, बसायच्या बरोबर जागी, घरट्यातल्या अंड्यासारखा बसला होता.

आणि ताई, ह्या मैदानाच्या नियमांत, खेळाडूंच्या खिशातल्या कार्डावरसुद्धा, हे जुने कलम अजून छापलेले आहे. हक्काने घातलेल्या धुण्यावर चेंडू पडला, तर तो दंड न घेता उचलून बाजूच्या गवतावर टाकावा. धुणे हक्काचे नसेल, वाऱ्याने उडून आलेले असेल, तर ते काढावे आणि चेंडू खाली काट्यांत पडेल तिथून खेळावा, नाहीतर एक फटका दंड घ्यावा. पंच आले, पांढऱ्या दाढीचे, चर्चमधल्या वडीलधाऱ्यांसारखे. हॉलिंगवर्थ आला, त्याने विजारीसमोर टोपी काढली. मेजर धापा टाकत आले. पंचांनी मला विचारले, "बाई, हे कपडे इथे हक्काने घातलेत की वाऱ्याने आलेत?"

मेजर माझ्या कानाशी वाकले. म्हणाले, "वाऱ्याने आले म्हणा. भाचा जिंकेल, गाव तुम्हाला डोक्यावर घेईल." पहिल्यांदाच आमच्या दोघांच्या भल्याचे एकच उत्तर होते, आणि ते खोटे होते. दोरीपलीकडून मिसेस पिरी ओरडत होती, "वारा म्हण, ग्रीझेल, वारा!" खाटीक ओरडत होता. आणि ताई, रॅनल्डने माझ्याकडे पाहिले ते लहानपणी बिस्किटाच्या डब्याकडे बघायचा तसे. त्याचे सगळे आयुष्य त्या विजारीत बसलेले मला दिसत होते. पण वारा म्हटले असते तर आईचा, आजीचा हक्क मी माझ्याच तोंडाने, अख्ख्या देशासमोर, वाऱ्यावर सोडला असता. आणि वारा नव्हताच. पान हलत नव्हते.

मी म्हटले, "हक्काने. सकाळी, माझ्या हातांनी, मेजरसाहेबांच्या डोळ्यांदेखत." पंचांनी मेजरांकडे पाहिले. मेजर खोटे बोलू शकले नाहीत, ते पण चर्चला जातात. पंच मोठ्याने म्हणाले, "धुणं हक्काचं आहे. चेंडू उचला."

पुढचे तुला माहीत आहे. इंग्रजाने चेंडू गवतावर टाकला, होलजवळच्या हिरवळीवर आणला आणि एका लांब टोल्यात होलमध्ये घातला. रॅनल्डला बरोबरी करायला तीन-चार हातांवरून घालायचा होता. तो कडेला लागून बाहेर राहिला. (मी त्याला दोष देत नाही. पण इसोबेल, तेवढा मी झाडूने घातला असता.)

त्या रात्री घरी जेवताना रॅनल्ड म्हणाला, "काका, मावशीला म्हणावं मीठ द्या." हे म्हणाले, "ग्रीझेल, मीठ." मी मीठ दिले. रविवारीही तसेच, चर्चमध्ये आमच्या बाकावर मध्ये ह्यांना बसवून. खाटकाने चॉपचे पैसे मागितले. काल सोमवार. गुडघा सुजलेला, तरी टोपली घेऊन निघाले. दाराशी रॅनल्डने ती माझ्या हातातून घेतली, मैदानापर्यंत नेली, आणि आपले शर्ट आपणच झुडपांवर पसरले. उलटे पसरले. तो गेल्यावर मी सुलटे केले. परत फिरते तर समोरून मिसेस पिरी येत होती, कडेवर टोपली. म्हणाली, "यंत्राने कपड्यांना उन्हाचा वास येत नाही गं," आणि माझी नजर चुकवून पुढे गेली. तिच्यामागे आणखी सातआठ जणी.

भाऊजींना सांग, रॅनल्ड चांगला खेळला, आणि तुझ्या मुलाने कोणाबद्दलही वाईट शब्द उच्चारला नाही, इंग्रजाबद्दलही नाही. पाठ गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकत जा.

तुझी धाकटी बहीण,
ग्रीझेल

ता. क. हॉलिंगवर्थने ती विजार पाच पौंडांना विकत मागितली, आपल्या क्लबात काचेत लावायला. मी नाही म्हटले. ह्यांच्याकडे दोनच आहेत. शिवाय ती इंग्लंडला कपबरोबर जाणे बरे दिसत नाही.

दुसरा ता. क. मेजर डॅलरिंपल आता म्हणतात, पंचांचा निवाडा खेळापुरता, हक्काचा निकाल नगरपालिका देईल. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. हक्क पिढीजात चालत आला अशी साक्ष गावात जन्मलेल्या दोन बायकांनी लेखी द्यायची आहे. एक मी. मिसेस पिरी चालत नाही, तिने पास घेतला होता, म्हणजे आपण होऊन बाजूला झाली असे मेजर म्हणणार. बाकीच्या जणींनीही घेतले होते. गावात जन्मलेली, आईबरोबर तिथे धुणे घातलेली आणि पास न घेतलेली अशी आता तूच उरलीस. कागद सोबत जोडला आहे, खूण केली आहे तिथे सही कर. एका रकान्यात "हक्क अलीकडे कधी मान्य झाला" असे विचारले आहे, तिथे चॅम्पियनशिपचा शनिवार लिहावा लागेल. रॅनल्डचे नाव लिहायची गरज नाही.

आधी सही कर, मग रागव. उलट टपाली पाठव.