जुनीच वायर

बाबा, आज हिंगोलीत ॲम्प्लिफायर बघायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पॉवरची ही जाड वायर लावा, आवाज एकदम खुलतो." मी मान हलवली आणि काही न घेता बाहेर आले.

हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या तुमच्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात कुणी असं म्हटलं की तुम्ही हसायचात. "वायर तुटकी नसावी, जोड पक्का असावा. बाकी वायरीनं काय होते?" आठवीत असताना मी स्पीकरची वायर नुसती पिळून जोडली, तर गिऱ्हाइकासमोर तुम्ही ती उपटलीत. "डाख काहून दिला न्हाई?" मी गुमान कथील वितळवून डाख दिला.

म्हणून त्या उन्हाळ्यात नवल वाटलं. मी एका दिवसासाठी घरी आले होते. तुमची कंबर धरलेली, वाकता येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "घरच्या सेटचा आवाज दबून राहिला. सनई ऐकूच येत न्हाई. पॉवरची वायर गेली वाटते, बदल." सनई मला स्वच्छ ऐकू येत होती. स्वयंपाकघराच्या दारातून आई माझ्याकडं बघते आहे. मी नवी वायर घेऊन सेटच्या मागं बसते. जुनी चांगली आहे. मी भिंतीतला प्लग काढते, तोच परत लावते.

"बदलली?"

"व्हय."

तुम्ही मान कलती करून ऐकलंत. "आता बराबर. आता खुलली."

त्यानंतर तुम्ही पुन्हा जोमानं सेट दुरुस्तीला घेतलेत. आईनं नंतर सांगितलं, दोन गिऱ्हाइकं सेट परत घेऊन आली. "काका, खरखर हायेच की." तुम्हाला ती ऐकू येत नव्हती. तिसरं गिऱ्हाईक आलं, त्या दिवशी तुम्ही भर दुपारी शटर ओढलंत, ते पुन्हा उघडलं नाही. मला फोनवर म्हणालात, "कंबर साथ देत न्हाई." मीही पुढं विचारलं नाही. वर्षभरात तुम्ही गेलात. मला रडू आलं नव्हतं, आताही येत नाही.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. आईला तर नाहीच. तिला वाटतं, तुमचं मन राखायला मी खोटं बोलले. तसं नव्हतं. वायर बदलायची तर झाकण उघडून डाख द्यावा लागला असता, आणि तुम्हाला कमी ऐकू येतं हे सांगायचं तर बसून बोलावं लागलं असतं. त्या दिवशी बाहेर हिंगोलीची जीप भरत आली होती. मला तीच पकडायची होती.