डावं फूल

१२ ऑगस्ट २००७

रडवला! दासानुदासला आज पार रडवला!

गडी लिहितो, माझ्या लेकीचा ताप देवाच्या अंगाऱ्यानं उतरला. मी उत्तर दिलं — पुढच्या तापालाही अंगाराच लावा, म्हणजे मूर्खांची पुढची पिढी आपोआप कमी होईल. आमच्या नास्तिकांच्या ऑर्कुट कम्युनिटीत नुसता धिंगाणा! एकानं लिहिलं, चिकित्सकराव, पायाचं तीर्थ द्या. (नास्तिकांच्यात पायाचं तीर्थ!) दासानुदास एवढंच म्हणाला, 'लेकराबद्दल असं बोलू नये.' आणि गेला. मला कसं गार वाटलं.

चिकित्सक म्हणजे मी. ऑर्कुटवर खरं नाव दिलेलं नाही. दिलं असतं तर पहिला जोडा तिथंच बसला असता — हनुमंत म्हणे, आणि देव मानत नाही! अयुबभाई तर रोज तेवढ्यावरूनच चिडवतो. शिरूरला एसटी स्टँडमागं त्याचं सायबर कॅफे आहे. रांजणगावच्या कंपनीतली शिफ्ट सुटली की न्हावऱ्याची गाडी लागेपर्यंत मी तिथंच. गाडी चुकली तरी तिथंच.

१५ ऑगस्ट

आबांच्या पायाचं लक्षण बरं नाही. उसाचं खोडकं तळव्यात घुसलं होतं, त्याला महिना होत आला. त्यांना साखर आहे, जखम भरत नाही. आज पट्टी सोडली तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं. वास! रुपालीनं — माझ्या बायकोनं — नाकाला पदर लावूनच पाय धुतला. शिरूरचा डॉक्टर म्हणाला, दोन बोटं काढा, उशीर करू नका, काळं वर चढेल.

आबा म्हणाले, "देवाला इचारल्याबिगर अंगाला लोखंड लावायचं न्हाई."

देव म्हणजे माळावरचा बिरोबा. आमचे आजे-पणजे मेंढरं कुठल्या रानात न्यायची तेसुद्धा त्याला विचारायचे. मेंढरं गेली, ऊस आला, विचारणं तेवढं राहिलं.

१९ ऑगस्ट, रविवार

आबा कौल लावून आले. शेजाऱ्यानं मोटरसायकलवर नेलं, देवळाशी सोडलं आणि तो पुढं मांडवगणला बाजाराला गेला. देवळात आबा आणि पुजारी कोंडिबा, दोघंच. देवाच्या ओल्या दगडाला दोन बाजूंनी दोन फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. झालं ऑपरेशनचं निदान!

"डावं पडलं," आबा म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाय पांघरुणात ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं.

डोकंच फिरलं माझं! म्हणालो, फूल ओलीनं चिकटतं आणि वजनानं पडतं, तुम्ही एका झेंडूला डॉक्टर केला! आई मध्ये पडली — "हनमा, हळू बोल, देव ऐकतो." म्हणालो, ऐकतो ना? मग कान कोरून घे म्हणावं. एरवी आबांनी खेटर हाणलं असतं. आज पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

२० ऑगस्ट

कम्युनिटीत टाकलं. 'आमच्या भागातला एक अडाणी म्हातारा' म्हणून. माझा बाप, असं लिहिलं नाही — लिहीन कशाला! बिरोबाचा कौल, झेंडू, काळी बोटं, सगळं रंगवून. वर मथळा: हा तुमचा देव, बोटं खातो.

पेटलं! एक भक्त म्हणाला, म्हाताऱ्याची श्रद्धा कमी पडली असेल. मी म्हणालो, तुझा मेंदू कमी पडला तसा? मग त्यानं माझी आई काढली, मी त्याची बहीण काढली. चहा निवायच्या आत देव बाजूला राहिला आणि सगळ्यांच्या आया-बहिणी मैदानात. मजा आली. इंग्रजी अक्षरांत मराठी शिवी लिहायला अंमळ वेळ लागतो, पण बसते चांगली.

अयुबभाई मागून वाचत होता. म्हणाला, "हनुमंता, समदे घरचं भांडान हितं आणत्यात बघ. घरी बोलायची टाप न्हाई, आन् हितं माझे कीबोर्ड तोडत्यात. त्या यंटरच्या बटनाला तरी अल्लाच्या नावानं सोड!" म्हणालो, अल्लाच्या नावानं तर आणखी जोरात दाबीन. हसला. तो चिडतच नाही, हीच त्याची पंचाईत.

२६ ऑगस्ट

संध्याकाळी आबांना पाणी द्यायला गेलो. अचानक म्हणाले, "हनमा, कापताना कळतं का रं?"

आठवडाभरात माझ्याशी पहिला शब्द! म्हणालो, "मला काय विचारता? बिरोबाला विचारा की! भूल कशी देतात ते सांगेल तो."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायले नाहीत. रुपाली दारातून माझ्याकडं नुसती बघत होती. बघू दे. मी पोटभर जेवलो.

३१ ऑगस्ट

दासानुदासचा खाजगी मेसेज! लांबलचक. राहू गावचा आहे म्हणे — म्हणजे नदीपलीकडचा, आणि आमच्यातलाच निघाला, बिरोबाचा.

लिहितो — 'तो म्हातारा तुमच्या घरातला आहे. परक्यासाठी माणूस एवढा पेटत नाही. माझा थोरला मुलगा तीन वर्षांचा होऊन गेला. डॉक्टरांनी सगळं केलं, देवानं काही केलं नाही. तरी मी दिवा लावतो, कारण तिन्हीसांजेला हाताला काहीतरी लागतं. तुम्हाला पटणार नाही, नका पटवून घेऊ. पण आपल्यात दुसरा कौल असतो. थोरल्या मुलानं बापाची घोंगडी खांद्यावर घ्यायची आणि स्वतः देवाला विचारायचं. देव मुलाचं ऐकतो असं मानतात. तुम्ही मानू नका, फक्त उभे राहा. म्हाताऱ्याचा पाय वाचेल. एकटं जायला लाज वाटत असेल तर मी येतो. कुणाला सांगणार नाही.'

दोनदा वाचला. मग राग आला. केवढा डाव! चिकित्सकाला घोंगडी घालून दगडापुढं उभा करायचा!

मेसेज जसाच्या तसा कॉपी केला आणि कम्युनिटीत सगळ्यांसमोर टाकला. मेलेल्या मुलासकट. वर लिहिलं — देवानं मुलगा खाल्ला तरी दिवा लावणारा कुत्र्यापेक्षा इमानी प्राणी, दर्शन घ्या.

१ सप्टेंबर

लोक तुटून पडलेत त्याच्यावर. एकानं तर मुलाच्या नावानं कविता केली. मला ती जरा जास्तच वाटली, पण हसू आवरलं नाही.

संध्याकाळी दासानुदासचं उत्तर आलं. एकच ओळ. 'तुमच्या घरातला म्हातारा पाय सडून मरो, आणि तुम्ही उशाशी बसून वास घ्या.'

सापडला! लेकराबद्दल असं बोलू नये म्हणणारा हाच तो! तेवढीच ओळ वर लावली — ही पाहा भक्तांची दया. जिंकलो. अगदी निर्विवाद.

२ सप्टेंबर

दासानुदासचं प्रोफाइल गायब. पळाला.

९ सप्टेंबर

आता आईनं तेच धरलंय. "एकडाव घोंगडी घे खांद्यावर. मी बाईमाणूस, माझ्या हातात असतं तर मी कवाच गेली असती. त्येंचा पाय काळा व्हत चाललाय रं, हनमा." घडी घातलेली घोंगडी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली. आबांची, मेंढरांच्या काळातली, अजून ओशट वास येतो तिला.

म्हणालो, उचल, जेवणात लोकर येते. आई रडली. रुपाली रात्री म्हणाली, "तुम्ही तिथं उभं राहिलेलं त्या ऑर्कुटवाल्यांना कोण सांगणार हाय?" म्हणालो, मला कळेल ना! ती म्हणाली, "तुमाला कळलं तर काय हुईल?"

असले प्रश्न तिच्यापाशी बरे असतात. पाठ फिरवून झोपलो.

१२ सप्टेंबर

कंपनीत शाबासकी! आधीच्या शिफ्टनं पास म्हणून सोडलेला माल मी पुन्हा गेज लावून बघितला, निम्मा मापाबाहेर निघाला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, हनुमंतसारखं करा, दुसऱ्याच्या शब्दावर काही पुढं सोडू नका.

१६ सप्टेंबर

अयुबभाईचे रोजे चालू आहेत. मी मुद्दाम त्याच्यासमोर चहा मागवला आणि भुरका मारून प्यायलो. तर तो उलट मलाच विचारतो, "आबा कसं हायत?" सांगितलं सगळं, घोंगडीसकट.

"मग घे की खांद्यावर! नाटक कर आन् उजवं फूल सैल लाव. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

म्हणालो, नाटक केलं तर माझ्यात आणि भक्तांत फरक काय राहिला?

"फरक घिऊन काय करतो? बाप पायजे का न्हाई ते सांग."

पैसे टेबलावर आपटून उठलो. आस्तिक सगळे इथूनतिथून सारखेच. धर्म कुठला का असेना, खोटं बोलायला एका पायावर तयार.

१९ सप्टेंबर

काळं पावलावर आलंय. आबांना ताप. मी पट्टी बदलली — रुपालीला आता उलटी होते. आबांनी माझं मनगट धरलं. काहीतरी सांगायचं होतं बहुतेक. "हनमा, त्या फुलाचं..." एवढंच म्हणाले. मी म्हणालो, आबा, त्या फुलाचं नाव काढलंत तर पट्टी इथंच टाकून जाईन! हात सोडला त्यांनी.

२२ सप्टेंबर

आबा बरळायला लागले. मेंढरांना हाका मारतायत. मग मी कुणालाच विचारलं नाही, ना देवाला, ना आईला. जीप केली, मागच्या सीटवर आडवं टाकलं, पुण्याला आणलं. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, तरी खात्री नाही म्हणतात. डॉक्टर माझ्यावर खेकसला — "शिकलेले दिसता, इतके दिवस काय करत होतात?"

म्हणालो, "देव नाही म्हणाला."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी दासानुदासकडं बघायचो. माझ्याकडं! मला ओरडून सांगायचं होतं, मी त्यातला नाही हो! पण तो निघून गेला होता. उशाशी बसलो. वास येत होता. कुठलीतरी ओळ डोक्यात घोळत होती, ती कुठली ते आठवायचं नव्हतं.

२४ सप्टेंबर

आबा गेले.

२९ सप्टेंबर

सुतकात बाहेर पडू नये म्हणतात. म्हणून मुद्दाम पडलो. शिरूरला गेलो. अयुबभाईनं कोपऱ्यातला कॉम्प्युटर चालू करून दिला.

या वेळी खऱ्या नावानं लिहिलं. 'तो अडाणी म्हातारा माझा बाप होता. म्हस्कू नाव त्याचं. दोन बोटं काढली असती तर तो जगला असता. त्याच्या देवानं डावं फूल पाडलं आणि बापाला मारलं. आता कुणी भक्तानं माझ्यासमोर येऊन बोलावं.' लिहिताना पहिल्यांदा रडलो. एंटर दाबलं.

एकही भक्त बोलला नाही. एकही! आमच्या लोकांचं कौतुक थांबत नाही. असा पुरावा आजवर कुणी दिला नव्हता म्हणतात. दासानुदासनं वाचायला हवं होतं. त्याचं नाव शोधून बघितलं. नाही सापडलं.

३ ऑक्टोबर

दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना म्हणून सगळे ताटकळले, मी लांब उभा राहून मोबाईलशी खेळत होतो.

कोंडिबा पुजारी आला होता. कुणीतरी बैलगाडीतून आणलं त्याला, चालवत नाही आता. माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "डागदरकडं न्यायला इतका येळ का लावला रं?" मी त्याच्या अंगावरच गेलो — तुमच्या देवानंच नको म्हणलं ना!

म्हातारा बघतच राहिला. "नको कवा म्हनला? उजवं पडलं व्हतं. माझ्या डोळ्यांदेखत. म्हनलं, म्हस्कू, जा, पोराला सांग, देव व्हय म्हनतोय. तर पायरीवर बसून रडाय लागला — कोंडिबा, मला सुरीचं लई भ्या वाटतंय. म्हनलं, पोराला सांग की, पोरगा हाय ना संगं."

आईनं नंतर विचारलं, काय म्हणत होता कोंडिबा? म्हणालो, काही नाही.

ती पोस्ट मी काढलेली नाही.