रेफरन्सला तुमचं नाव

आदरणीय गायकवाड सिस्टर,

मला नोकरी लागली. फुल-टाइम, मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर म्हणून. तीन वर्षं मिळतील त्या शिफ्ट केल्या. "पक्की नोकरी लागली की फोन करते," असं तुम्हाला सांगून बसले होते. ती लागेना, म्हणून लाजेने फोनच केला नाही.

अर्जात रेफरन्सला मात्र तुमचं नाव टाकलं, तेही न विचारता. पुण्याच्या वॉर्डात पेशंटजवळ नुसतं गप्प बसायला तुम्हीच शिकवलंत ना!

काल एचआरची बाई म्हणाली, "बाकीच्या दोन रेफरन्सवर भागलं. गायकवाड सिस्टर एप्रिलमध्ये कोविडने गेल्या, तुला माहीत असेलच." मी 'हो' म्हणाले. तिचा फोन तुमच्या मुलाने, अवधूतने उचलला होता. त्याने उलट तिलाच विचारलं, "अस्मिताला लागली का नोकरी? आई शेवटपर्यंत विचारायची."

इकडे परदेशात सहावा लॉकडाउन आहे. टार्निटच्या या घरात मी एकटीच. अवधूतला कळवायला हवं. पण माझ्याकडे नंबर तुमचाच आहे. लावला की स्क्रीनवर तुमचं नाव येईल आणि 'हॅलो' तो म्हणेल.

सकाळपासून मोबाईलजवळ गप्प बसलेय, तुम्ही शिकवलंत तशी.

तुमची,
आता पक्क्या नोकरीतली अस्मिता