सरकारदरबारी माझा खोकला

१२ नोव्हेंबर
पथारीवर, म्हणजे घराला लागून असलेल्या आमच्या मिरची वाळवायच्या मैदानात, ओली मिरची पसरली. अंगणापर्यंत लाल! खोकून खोकून बरगड्या दुखल्या. आमचे हे, भीकमचंद शेठ, जेवता जेवता म्हणाले, "रूपकंवर, हा ठसका म्हणजे लक्ष्मीची पावलं!" लक्ष्मी बरी रोज नवऱ्याची गादी सोडून बायकोच्या छातीवरून चालते.

२० नोव्हेंबर
शेजारच्या नव्या कॉलनीनं पालिकेत तक्रार केली — मिरचीच्या धुळीनं जीव गुदमरतो, पथारी हलवा. ह्यांचा तिळपापड! "पथारी आधीची, कॉलनी नंतरची. एवढं नाजूक नाक होतं तर इथं प्लॉट कशाला घेतले?" मी खोकले. "तू मध्ये बोलू नकोस!"

३ डिसेंबर
चमत्कार! शहराचा नवा विकास आराखडा आला. आमची पथारी त्यात पिवळी — म्हणजे राहायची जागा. पथारी हलली की प्लॉट पाडता येतील. संध्याकाळपर्यंत शेठना हवेची काळजी लागली. जन्मात पहिल्यांदा विचारलं, "तुला दम कधीपासून लागतो गं?"
लग्नापासून, म्हटलं.

१० डिसेंबर
सुनावणी. शेठ मास्क लावून! मला पुढे उभं केलं. "साहेब, घरच्या माणसाचे हाल बघा." आणि मला खोकलाच येईना! मग ह्यांनी खिशातला रुमाल माझ्या नाकाशी झटकला — सकाळी पथारीवर फिरलेला. असा ठसका लागला की साहेबांनी स्वतः पाणी मागवलं. हुकूम झाला : पथारी गावाबाहेर, कोरीट गावाच्या बाजूला, वस्ती नसलेल्या जागी न्या.
घरात इतकी वर्षं फुकट गेलेला खोकला तिथं एका झटक्यात मंजूर!

२ जानेवारी
पथारी गेली. जागेवर फलक लागला — "शुद्ध हवेतले प्लॉट". हसू आलं. पण खरं सांगते, आज खिडक्या उघडल्या आणि पोटभर श्वास घेतला. फार बरं वाटलं.

९ जानेवारी
तापीबाई आली. आमच्या पथारीवर मिरची उलथण्यात तिचा जन्म गेला. कडेवर नात, खोकून डोळे लाल.
"बाई, नवी पथारी मन्हा दारम्हा उनी. सायेबनी इचारं, आठे कोन ऱ्हास? शेठनी सांगं, कोनीच नई."
अख्खी वस्ती आहे तिथं! घरांना नंबर नाहीत, म्हणून आराखड्यात माणसं नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोकले आणि मिरची तिच्या दारात गेली.

१७ जानेवारी
वस्तीनं तक्रार केली. उद्या सुनावणी. साक्षीदार म्हणून मी नाव दिलंय. ह्यांना तिथंच कळेल.