घर कोणाचं, पाणी मागून बघ

प्रिय ठमाबाई,

तू घ्यायचं म्हणतेस ते घर बघून आले. खिडकी तू म्हणालीस तशीच आहे, तिच्याखाली पाळणा मावेल आणि बाळाला कोवळं ऊनही मिळेल. घर मला आवडलं. हे आधीच सांगते, म्हणजे आई मुद्दाम खोडा घालते असं म्हणणार नाहीस.

वकिलांकडे लोकांच्या घरांची मालकी तपासण्यात माझा जन्म गेला. कागदांना हात लावायच्या आधी मी त्या घरात पाणी मागते, तुझे बाबा त्यावरून किती चिडवायचे! इथेही मागितलं. विकणाऱ्या गृहस्थाने पेल्यासाठी तीन कपाटं उघडली. तेवढ्यात मागच्या खोलीतून एक बाई आल्या, न बघता फळीवर हात घातला आणि पेला भरून दिला. "भाडेकरू आहेत, जातील महिनाअखेर," गृहस्थ म्हणाला. बाईंनी पेला विसळून होता तिथे ठेवला.

मग मी शेजारी चौकशी केली आणि नोंदणी कचेरी गाठली. घर त्या गृहस्थाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि त्या बाई याची सख्खी थोरली बहीण! तिचा बरोबरीचा वाटा आहे, तो तिने सोडल्याची नोंद कुठेही नाही. तेव्हा तिच्या सहीशिवाय इसाराचा छदामही देऊ नकोस. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या जावईबापूंनाही सांग.

दुसऱ्या दिवशी तिला मुद्दाम भेटले. गप्प का राहिलात, विचारलं. म्हणाली, "भाऊ आहे हो. त्याच्याशी भांडून जाऊ कुणाकडे?" परत येताना मला रस्त्यातच रडू फुटलं. ते एकट्या तिच्यासाठी नव्हतं, ठमे.

रविवारी तुझा दादा तुझ्याकडे येईल, हसत, पोरांना घेऊन. बाबांच्या माघारी हे आपलं घर एकट्याच्या नावावर करायला त्याला तुझी सही हवी आहे. "ती कुठे नाही म्हणतेय," असं मला म्हणाला. तो वाईट नाही गं, माझंच लेकरू आहे. पण भिडेपोटी सही करू नकोस. तुझा वाटा द्यायचा की ठेवायचा, ते तू ठरव, आणि काहीही ठरवलंस तरी मी तुझ्या बाजूने आहे. आपल्याकडचे पेले अजून ओट्यावरच्या फळीवर, डाव्या हाताला आहेत. मी ते हलवलेले नाहीत.

तुझीच,
आई