नावाडी, बटाटा आणि पुढचं चाक

प्रिय हॅरिएटताई,

फर्र-फर्र-फर्र. आठवतंय? वडिलांच्या पत्त्यांतली इस्पिकची राणी चिमट्याने सायकलच्या आऱ्यांत अडकवली, की नेब्रास्काच्या त्या सपाट रस्त्यावर मला वाटायचं, आपली मोटरच निघाली. परवा इथे कोलोराडोत, सलायडाच्या वरच्या रानवाटेवर अगदी तोच आवाज कानी आला. (तेव्हा मी पुरता शुद्धीवर नव्हतो, पण ते ओघाने येईल.) आधी सांग, तुझे गुडघे काय म्हणतात? कानातलं यंत्र लावतेस, की खणातच ठेवून त्याला विश्रांती देतेस? माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य पत्र संपेपर्यंत लक्षात ठेव.

तर लांब पल्ल्याच्या डोंगरी सायकलस्वारीचा पहिला नियम असा, की भूक लागायच्या आधी खायचं. भूक लागल्यावर खाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. दर वीस मिनिटांनी दोन घास पोटात गेलेच पाहिजेत. तरुण मंडळी मनगटावरचं घड्याळ किणकिणलं की ताकदीच्या गोड जेलची पुडी फाडतात आणि चोखतात. (चव म्हणशील तर साखर घातलेला डिंक.) घड्याळाचे हुकूम मी नोकरीत जन्मभर पाळले, आता नाही. मी मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि अंजिराच्या वड्या हँडलमागच्या पिशवीत ठेवतो, आणि वेळ मोजतो ऑल्गुडबाईंनी शाळेत पाठ करून घेतलेल्या त्या नावाड्याच्या लांबलचक कवितेने. चढावर धापा टाकत म्हटली की बरोबर वीस मिनिटं. नावाडी पैलतीराला लागला की मी बटाटा खातो. आमची थिआ म्हणते, "बाबा, यमक जुळल्यावर जेवणारा माणूस जगात तू एकटाच."

त्या दिवशी कवितेतल्या होडीला भोक पडलं आणि पुढचं कडवं काही आठवेना. आता नावाड्याला बुडता सोडून आपण बटाटा खायचा, हे काही मनाला पटेना. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा भोक. चढ वाढत चालला, थिआ केव्हाच पुढे गेलेली, पिशवीतले बटाटे जसेच्या तसे आणि मी आपला नदीच्या ऐन मध्यावर. अंगातलं इंधन संपलं की आधी पाय जातात आणि मग अक्कल. (माझ्या बाबतीत क्रम उलटा होता, असं थिआचं मत.) कुंपणाचा एक खांब मला ऑल्गुडबाई वाटला. मी हेल्मेट काढून त्याच्यापुढे उभा राहिलो आणि पुढची ओळ सांगा म्हणून विनवू लागलो. बाई नेहमीसारख्याच गप्प. आणि तेवढ्यात, फर्र-फर्र-फर्र. माझं अख्खं बालपण उतारावरून खाली येत होतं. जवळ आल्यावर कळलं, की मला शोधत परतलेल्या थिआच्या चाकात जेलची रिकामी पुडी अडकली होती.

तिने खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भरलेल्या पिशवीत पाहिलं, आणि बटाटाच माझ्या तोंडात कोंबला. तिसऱ्या बटाट्याला खांबाचा पुन्हा खांब झाला. घरी आल्यावर मात्र तिने माझ्या सायकलचं पुढचं चाक काढून आपल्या गाडीच्या डिकीत टाकलं. पुढच्या महिन्यात शंभर मैलांची स्वारी आहे, याची मी तिला आठवण करून दिली.

"मग घड्याळ लाव."

"आणि कविता?"

"अख्खी म्हणून दाखव, एकदाही न अडखळता. त्या दिवशी चाक देते."

मी विषय सोडून दिला. एका चाकासाठी या वयात घोकंपट्टी कोण करतो? ओट्यावर बसून डोंगर बघणंही मला पुष्कळ आहे. तू मुळीच काळजी करू नकोस.

तुझा धाकटा,
वेंडेल

ता. क. - वरच्या परिच्छेदातलं "मी विषय सोडून दिला"पासून पुढे एक अक्षरही खरं नाही. भोकानंतरचं कडवं उलट टपाली धाड. शाळेत ते तूच म्हणायचीस. फोन केला असता, पण तू आधी हसतेस आणि मग फोन ठेवतेस.

आणखी एक - थिआने फोन केलाच, तर खांबाची गोष्ट मनावर घेऊ नकोस. तो खरोखरच बाईंसारखा दिसतो.

आणखी - दारावर कोणीतरी काठी आपटतंय आणि बाहेरूनच म्हणतंय, "टोपीने उपसत पाणी, नावाडी म्हणतो गाणी... पुढे म्हण, वेंडेल." खिडकीतून दिसतंय. मागे थिआची गाडी उभी, एका हातात काठी, कानात यंत्र, काखोटीला माझं चाक, आणि तुझा चेहरा, ताई, थेट ऑल्गुडबाईंचा.